फायबरचा डबा कंपनीचा, राऊटर आपला: वाड्यात दोघांना कसं नांदवायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हाला बघता येईल. साताऱ्यात मंगळवार पेठेत तुमचा जुना वाडा. फायबरचा डबा पुढच्या सोप्यात, मीटरच्या शेजारी ठोकलेला. मुलगी मागच्या खोलीत बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करते आणि तिथे रेंज पोचत नाही. म्हणून तुम्ही चांगला ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्ही लहरींचा) राऊटर आणला, कंपनीच्या डब्याशेजारीच ठेवला आणि मध्ये केबल जोडली. तेव्हापासून घरात दोन वायफाय दिसतात. प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. दारावरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) नव्या राऊटरला लावल्यापासून तो बाहेरगावाहून दिसेनासा झालाय. आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन असून स्पीड ९४ च्या वर जात नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, "आधी तुमचा राऊटर काढा, मग बघतो." तुम्हाला विचारायचंय की कंपनीचा डबाच काढून टाकता येईल का, की तो 'ब्रिज' करून घ्यावा, म्हणजे त्याचं राऊटरचं काम बंद करून ते तुमच्या राऊटरकडे द्यावं.

थेट सांगतो. डबा काढू नका. ब्रिजची तुम्हाला बहुतेक गरज नाही. राऊटर सोप्यातून उचला, मागे न्या, मध्ये चांगली केबल टाका आणि राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, ठेवा. रेंज, प्रिंटर आणि कॅमेरा, तिन्ही तक्रारी एका दमात मिटतील. ९४ ची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आता हे असं का, ते.

आपण सगळेच त्याला मोडेम म्हणतो, पण त्या डब्याचं खरं नाव ओएनटी किंवा ओएनयू. त्याच्या पोटात चार कामं कोंबलेली असतात. एक, फायबरमधून आलेला प्रकाश वाचणं. दोन, कंपनीकडून मिळालेल्या एका पत्त्यावर घरातली वीस उपकरणं चालवणं, म्हणजे राऊटरचं काम. तीन, वायफाय. चार, बऱ्याच डब्यांत असलेली लँडलाइन फोनची खाच. बाजारातून आणलेला राऊटर यातली दुसरी आणि तिसरी कामं तुमच्या डब्यापेक्षा कितीतरी छान करेल. पहिलं काम त्याला येतच नाही.

"मग मी स्वतःचा ओएनयूच विकत घेतो," असं म्हणणारे दोन-तीन जण वर्षाला भेटतातच. ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतो, हे खरं. पण तुमच्या घरी आलेला तंतू तुमच्या एकट्याचा नाही. वाटेत कुठेतरी खांबावरच्या पेटीत प्रकाशाच्या अनेक वाटा करणारा स्प्लिटर असतो आणि एका तंतूवर ३२ किंवा ६४ घरं लटकलेली असतात. जीपॉन या फायबर वाटून देण्याच्या पद्धतीत खाली येणारा अडीच जीबीपीएसचा आणि वर जाणारा सव्वा जीबीपीएसचा रस्ता या सगळ्यांचा सामाईक. खाली येताना १४९० नॅनोमीटरचा प्रकाश, वर जाताना १३१० चा, दोन्ही एकाच केसाएवढ्या काचेतून. वर माहिती पाठवायची तर प्रत्येक डब्याला कंपनीकडचं मुख्य यंत्र, त्याला ओएलटी म्हणतात, वेळ नेमून देतं. साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरला नंबर लागतो ना, तसंच. नंबर पुकारला की काट्यावर जायचं. कुणी मध्येच ट्रॉली घुसवली तर पूर्ण रांग खोळंबते. म्हणूनच डब्याचा सिरीयल नंबर ओएलटीत नोंदवलेला असतो, आणि न नोंदवलेला डबा लावला तर तो नुसता दिवे मिचकावत बसतो. त्यातून डबा बिघडका निघाला आणि अवेळी प्रकाश फेकायला लागला, तर आळीतल्या सगळ्यांचं नेट जातं आणि कुणाला कारण कळत नाही. तेव्हा पहिलं काम कंपनीच्या डब्यालाच करू द्या.

तो फायबरचा हिरवा कनेक्टरही आपल्या हाताने उपसू नका. त्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं आणि बोटाचा तेलकट ठसासुद्धा त्याला चालत नाही. डबा दुसऱ्या खोलीत हवा असेल तर कंपनीच्या माणसाकडून हलवून घ्या. उघड्या टोकात डोकावून बघायचं नाही, हे पोरांनाही सांगून ठेवा. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच सांगतोय.

आता तुमच्या घरात नेमकं काय झालंय? तुम्ही केबल डब्याच्या लॅन (घराकडच्या) खाचेतून काढून राऊटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) खाचेत घातली. बॉक्सवरच्या चित्रात तसंच असतं, चूक तुमची नाही. पण त्यामुळे एका घरात दोन कारभारी झाले. डबा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतोय आणि तुमचा राऊटर १९२.१६८.० वाले. डब्याच्या लेखी तुमचा राऊटर आणि त्याच्या मागचं सगळं गोकुळ मिळून एकच पाहुणा. याला डबल नॅट म्हणतात. (दोघांनीही १९२.१६८.१ हाच पट्टा धरला असता तर नेटच चाललं नसतं. काही नवे राऊटर हे ओळखून आपला पत्ता स्वतःच बदलतात.)

डबल नॅटचा बाऊ इंटरनेटवर फार केलेला आहे. व्हिडिओ, यूपीआय, ऑनलाइन मीटिंग, मुलांचे क्लास, यातलं काहीही त्यामुळे अडत नाही. अडतं ते घरातल्या घरात. मागच्या पावसाळ्यात करंज्यात एका शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे गेलो होतो. टेबलावर प्रिंटर, प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर वायफायची खूण ठणठणीत, आणि दीड हातावर लॅपटॉप म्हणतोय की प्रिंटर सापडत नाही. बाई तीनदा ड्रायव्हर टाकून दमलेल्या. बघितलं तर प्रिंटर डब्याच्या जुन्या वायफायवर आणि लॅपटॉप नव्या राऊटरच्या. आतल्या कारभाऱ्याकडून बाहेरच्याकडे जाता येतं, त्यामुळे प्रिंटरचा आकडी पत्ता हाताने टाकल्यावर कागद सर्रकन बाहेर आला. पण "कुणी प्रिंटर आहे का?" ही लॅपटॉपची हाळी राऊटरच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. टीव्हीवर मोबाईल दाखवण्याचंही तेच. आणि बाहेरच्याला आतलं तर काहीच दिसत नाही. तुमचा प्रिंटर 'कधी सापडतो' तो लॅपटॉप योगायोगाने जुन्या वायफायला चिकटलेला असतो तेव्हा, पैज लावतो.

कॅमेऱ्याचंही मूळ तेच. तुम्ही म्हणता, केबलवाल्याने पूर्वी डब्यावर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून दिला होता. तो अजून उघडाच आहे, पण तो डीव्हीआरच्या जुन्या पत्त्याकडे बोट दाखवतोय आणि डीव्हीआर आता दुसऱ्या कारभाऱ्याच्या घरात राहायला गेलाय.

तर ॲक्सेस पॉइंट मोड. त्यात तुमचा राऊटर पत्ते वाटायचं सोडून देतो आणि फक्त चांगलं वायफाय देतो. पत्ते डबाच वाटतो, सगळी उपकरणं एकाच घरात येतात. बहुतेक नव्या राऊटरच्या ॲपमध्ये ऑपरेशन मोड नावाखाली ही सोय असते. एक बोट दाबा, राऊटर दोन मिनिटांत पुन्हा चालू होईल.

जुन्या राऊटरमध्ये ती सोय नसली तरी हाताने करता येतं, फक्त क्रम चुकवू नका. लॅपटॉप केबलने राऊटरला जोडा, डब्याची केबल काढून ठेवा. राऊटरचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे डब्याच्या १ शी टक्कर नको आणि उद्या राऊटरच्या पानावर पुन्हा जाता येईल. डबा जे पत्ते वाटतो त्यातही हा २ येत नाही ना, ते डब्याच्या पानावर बघून घ्या. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. आता डब्याकडून आलेली केबल राऊटरच्या वॅन खाचेत नाही, पिवळ्या लॅन खाचांपैकी एकीत घाला. वॅन खाच रिकामी राहील, ती तशीच राहू दे. लोक नेमके इथे चुकतात. रिकामी खाच बघवत नाही आणि केबल पुन्हा तिच्यात जाते. आणि डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर दोघंही एकाच घरात पत्ते वाटत बसतील आणि नेट मधूनमधून, कुणाच्या तरी एकाच मोबाईलवर, जाईल. असला दोष शोधताना माझ्यासारख्याची अर्धी सकाळ जाते.

डीव्हीआर एका घरात आला की त्याचा नवा पत्ता डब्याच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये टाका, काम झालं. तरीही कॅमेरा बाहेरून दिसला नाही तर डब्याच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर कंपनीनेच तुम्हाला शेकडो घरांबरोबर एका पत्त्यामागे बसवलंय. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ म्हणजे जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते संपत आल्याने हे सगळीकडे होतंय आणि जुन्या ग्राहकालाही न सांगता तिकडे हलवलं जातं. तिथे तुमचा राऊटर, माझा राऊटर, ब्रिज, कशानेही पोर्ट उघडणार नाही. एक तर कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, तुमचा एकट्याचा पत्ता) घ्या, नाहीतर डीव्हीआरच्या कंपनीचं ॲप वापरा. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर फोन लावतो, त्यामुळे त्याला उघडं दार लागत नाही. खरं सांगायचं तर मला ॲपचाच मार्ग बरा वाटतो. डीव्हीआरचा पोर्ट जगाला उघडा ठेवून आत पासवर्ड १२३४५६, हे मी साताऱ्यात इतक्या दुकानांत बघितलंय की आता मी नवीन पोर्ट उघडून द्यायलाच नाही म्हणतो.

ब्रिज कधी करावं? तुम्हाला राऊटरच्या डोक्याचा खरोखर उपयोग असेल तेव्हा. मुलांच्या मोबाईलला रात्री दहाला नेट बंद करायचंय, घरून व्हीपीएन (बाहेरून घरच्या किंवा ऑफिसच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी) चालवायचंय, डब्यावर तीस-चाळीस उपकरणं झाली आणि तो रोज संध्याकाळी गुडघे टेकतोय. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये मुलांसाठीचं बंधन बऱ्याच राऊटरवर चालत नाही. काहींवर पाहुण्यांचं वायफायही नुसतं नावाला वेगळं राहतं, पाहुण्याला आतला प्रिंटर दिसतो. हे चालणार नसेल तर ब्रिज घ्या.

ब्रिजमध्ये डबा राऊटरपण सोडतो आणि नुसता प्रकाशाचा दुभाषा होतो. कंपनीचा युजरनेम-पासवर्ड, ज्याला पीपीपीओई म्हणतात, तो तुमच्या राऊटरमध्ये भरायचा. बीएसएनएलच्या फायबरवर आणि बऱ्याच स्थानिक केबलवाल्यांकडे हीच पद्धत आहे. काही कंपन्या पासवर्ड न मागता डब्यालाच ओळखतात आणि ब्रिज देतच नाहीत. तिथे हट्ट करू नका, ॲक्सेस पॉइंट मोड आहेच. ब्रिजसाठी कंपनीकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीच्या जाळ्यातली तुमची वाट ओळखणारा आकडा). तोंडी नको. आणि तुमच्या लाइनला राऊटरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) बांधलेला असतो का तेही विचारा. असला तर पूर्ण माहिती अचूक भरूनही लाइन जोडली जात नाही, त्यांनी तिकडून जुना मॅक सोडवला की लगेच जोडली जाते.

पीपीपीओईत प्रत्येक पाकिटावर आठ बाइटचं वेष्टन चढतं, म्हणून एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १५०० नाही, १४९२. राऊटर सहसा हे आपसूक करतो. पण कुणी हौसेने १५०० करून ठेवलं तर विचित्र आजार होतो: यूट्यूब पळतंय, व्हॉट्सॲप पळतंय आणि बँकेचं किंवा एखादं सरकारी पान मात्र अर्धं उघडून थांबतं. लोक बँकेला शिव्या घालतात.

इथे माझा एक पराक्रम सांगतो. धंद्यात नवा होतो. गोडोलीत एका डॉक्टरांकडे डब्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. मी काय केलं? स्टेशनरीची यू-पिन सरळ केली आणि डब्यामागच्या रिसेटच्या भोकात दहा सेकंद दाबून धरली. पासवर्ड मिळाला, स्टिकरवरचाच. पण डब्यातला व्हीलॅन गेला, युजरनेम गेला, लँडलाइनचं सेटिंगही गेलं. शनिवारची संध्याकाळ होती, कंपनीच्या ऑफिसला कुलूप. सोमवारी दुपारपर्यंत डॉक्टरांचा फोनही बंद आणि नेटही. ते मला काही बोलले नाहीत, चहा दिला. तो चहा अजून घशाखाली उतरायचाय. तेव्हापासून डब्याच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय मी एकही बटण दाबत नाही. तुम्हीही दाबू नका. लँडलाइन असेल तर ब्रिज करणाऱ्या माणसाला आधीच बजावा की फोनची जोडणी वेगळी असते, ती पुसायची नाही.

ब्रिजनंतर डब्याचं वायफाय बंद करा. ते चालूच राहिलं तर त्यावर नेट नसतं, पण मोबाईल मात्र ओळखीचं नाव बघून तिकडेच पळतो.

आता ९४. हा आकडा दिसला की मी लाइनकडे बघत नाही, खाचेकडे बघतो. १०० एमबीपीएसच्या खाचेतून स्पीड टेस्टला ९४-९५ च येतात, बाकीचे पाकिटांच्या वेष्टनात जातात. म्हणजे तुमच्या वाटेत कुठेतरी १०० ची खाच किंवा अर्धी मेलेली केबल आहे. बऱ्याच डब्यांत चार खाचा असतात, पण गिगाबिट त्यातली एकच, सहसा पहिली. बाकीच्या तीन १०० च्या. खाचेपाशी जीई (गिगाबिट) लिहिलंय की एफई (१०० ची) ते टॉर्च मारून बघा. मग राऊटरच्या बॉक्सवर बघा, १०/१०० लिहिलंय की १०/१००/१०००. स्वस्तातल्या राऊटरवर बाराशे, पंधराशे असे वायफायचे आकडे मोठ्या अक्षरात असतात आणि खाचा १०० च्या. दाराची रुंदी सांगायची आणि जिन्याची लपवायची, असला प्रकार. दोन्ही गिगाबिट असतील तर केबल. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच. क्रिम्पिंग करताना, म्हणजे टोक बसवताना, त्या जादा चारांतली एक तार जरी नीट टेकली नाही तरी जोडणी गुपचूप १०० वर येते आणि दिवा हिरवाच राहतो. तयार पॅच कॉर्ड लावून बघा, पाच मिनिटांत निकाल.

वाड्यातल्या रेंजवर मात्र थोडं थांबतो, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे आणि महागड्या राऊटरने ते बरं होत नाही. दोन फुटी दगडी भिंत, मध्ये मातीचा भराव. अशा एका भिंतीत ५ गिगाहर्ट्झ जवळपास संपतो, २.४ कसाबसा लंगडत पार होतो. तुमच्या सोप्यातून मागच्या खोलीपर्यंत अशा तीन भिंती असणार. सहा अँटेनाचा राऊटर आणला तरी दगड तो दगडच.

पण वाड्याला एक गोष्ट असते जी फ्लॅटला नसते: चौक. रेंजला भिंत जड जाते, मोकळी हवा नाही. यादोगोपाळ पेठेतल्या एका वाड्यात मी हे पहिल्यांदा नीट मोजलं. राऊटर माजघरात असताना समोरच्या पडवीत मोबाईल रडत होता. तोच राऊटर उचलून चौकाकडच्या खिडकीत, लाकडी गजांना टेकवून ठेवला, आणि पडवी, स्वयंपाकघर, वरची माडी, तिन्हीकडे व्हिडिओ कॉल चालले. माडीला लाकडी तक्तपोशी होती, तिच्यातून रेंज अशी वर गेली जशी मध्ये काही नाहीच. सिमेंटचा स्लॅब असता तर सळ्यांनी अडवलं असतं. तेव्हा केबल टाकायच्या आधी एक प्रयोग करा. लांब केबल तात्पुरती जमिनीवरून ओढा, राऊटर चौकाच्या खिडकीत ठेवा आणि मोबाईल घेऊन घरभर हिंडा. गोदरेजच्या कपाटावर, आरशामागे, पाण्याच्या टाकीशेजारी राऊटर ठेवायचा नाही. देवघराच्या फळीवर ठेवायला आजी परवानगी देत असतील तर जागा उत्तम असते, उंच आणि मोकळी. माझ्या एका गिऱ्हाइकाने ठेवलाय, रोज हळदीकुंकू लागतं त्याला.

मुलीच्या टेबलापर्यंत केबल नेता आली तर लॅपटॉप केबलवरच ठेवा. वायफाय बाकीच्यांना.

दोन्ही वायफाय चालू ठेवायचे असतील, डब्याचं पुढे आणि राऊटरचं मागे, तर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही तंतोतंत सारखे ठेवा, आणि २.४ मध्ये एकाला चॅनेल १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या. मोबाईल चालता चालता आपोआप बदलेल. काही मोबाईल जुन्याला चिकटून बसतात, त्यावर उपाय म्हणजे डब्याच्या वायफायचा जोर पानावरून कमी करणं. बिनकेबलचा रिपीटर किंवा मेश (रेंज झेलून पुढे देणारी यंत्रं) दगडी वाड्यात मी शेवटचा पर्याय म्हणून सांगतो. रिपीटरला स्वतःलाच रेंज मिळत नसेल तर तो पुढे काय वाढणार?

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं. वाकवली की तुटते. १०० मीटरच्या आत राहा, वाड्यात त्याची अडचण येणार नाही. बाहेरून, वळचणीखालून न्यायची असेल तर काळ्या वेष्टनाची, उन्हापावसाची घ्या. आणि भोकातून आत घेताना बाहेरच्या बाजूला केबलला थोडा पोटोबा सोडा, म्हणजे भोकाच्या खाली उतरून मग वर येऊ द्या. आपल्या पावसात पाणी केबलवरून ओघळत येतं. पोट सोडलं तर तिथून टपकून जातं, नाहीतर थेट राऊटरच्या खाचेत. दोन वर्षांपूर्वी शाहूपुरीत एक राऊटर उघडला तर आत गंजाचा हिरवा बुरा.

वाड्याच्या मागे वेगळी इमारत असेल आणि तिथे नेट न्यायचं असेल तर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की अशा केबलीतून दोन्हीकडची यंत्रं जळतात, वीज थेट पडायचीही गरज नसते. तिथे काचेचा फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल यांची गाठ घालणारे). फायबरच्या केबलीत आधाराची लोखंडी तार असली तर ती दोन्ही इमारतींच्या बाहेरच तोडायची.

विजेवरून आठवलं. डबा इन्व्हर्टरवर आणि राऊटर मागच्या खोलीत साध्या प्लगवर, असं करू नका. लाइट गेली की डब्याचा दिवा हिरवा आणि घर नेटविना. इन्व्हर्टर नसेल तर दोघांना दोन छोटे डीसी यूपीएस मिळतात. घेताना अडॅप्टरवरचं लेबल वाचा. डबा बहुतेक १२ व्होल्टचा असतो, राऊटर कधी १२ चा, कधी ९ चा, आणि पिन दोघांची सारखीच बसते. ९ च्या राऊटरला १२ लावून त्याला मुक्ती दिलेले लोक मला ठाऊक आहेत. अडॅप्टरवर मार्करने नावं लिहून टाका. आणि नेट अडकलं म्हणून दोन्ही बंद करायचे झाले तर आधी डबा चालू करा, पॉनचा (फायबर जोडल्याचा) दिवा स्थिर होऊ द्या, मग राऊटर.

डब्याच्या आणि राऊटरच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड बदला, डब्लूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद, बाहेरून पान उघडायची रिमोट मॅनेजमेंट बंद. कंपनी स्वतः डबा दुरून सांभाळते तो मार्ग वेगळा, तो राहू द्या.

आता तो "आधी राऊटर काढा" म्हणणारा माणूस. त्याच्यावर चिडू नका, त्याची जबाबदारी डब्याच्या खाचेपर्यंत आहे आणि रोज दहा घरी त्याला बिघडलेले खासगी राऊटर भेटतात. तो यायच्या आधी तुम्हीच लॅपटॉप डब्याच्या गिगाबिट खाचेत लावून स्पीडचा फोटो काढून ठेवा. तिथे २०० आले तर दोष आपल्या बाजूचा, त्याला बोलवायचंच नाही. तिथेही कमी आले, किंवा लॉसचा (प्रकाश पोचत नसल्याचा) लाल दिवा मिचकावत असेल, तर दोष त्याचा आणि तुमच्याकडे पुरावा. डब्याच्या पानावर आरएक्स पॉवरचा, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा, आकडा दिसत असेल तर तोही टिपा. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असला तर निर्धास्त. उणे २७ च्या जवळ गेला असेल तर कुठेतरी तंतू वाकलाय, नाहीतर सांधा खराब झालाय. साताऱ्यात यामागे वानरं असण्याची शक्यता मी पहिली धरतो, केबलीला लोंबकळतात. हा आकडा सांगितला की समोरचा माणूस लगेच वेगळ्या सुरात बोलायला लागतो. ब्रिज केलं असेल तर मात्र लॅपटॉप नुसता लावून चालत नाही, लॅपटॉपवरून तो युजरनेम-पासवर्ड टाकूनच जोडावं लागतं. माझ्या मते ब्रिजचा हा एक त्रास आहे, आणि घरी तुम्ही नसताना लाइन गेली तर हे कोण करणार, याचा विचार ब्रिजच्या आधी करा.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात: डब्यामागच्या खाचांचा फोटो आणि राऊटरच्या बॉक्सवरचा मॉडेल नंबर. स्टिकरवरचा पासवर्ड अंगठ्याने झाकून फोटो काढा. ९४ चं कोडं त्या फोटोतच सुटेल असं वाटतंय. आणि चौकाच्या खिडकीतला प्रयोग रात्री करू नका. मुलगी कामावर असते त्या वेळी करा, तिच्या कॉलवरच खरी परीक्षा होते.